एका कामाला एकच नाव

समस्त संबंधितांस अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की, शनिवार पेठेतल्या आमच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, सकाळी साडेअकराच्या सुमारास, ‘झालं’ या शब्दाचं निधन झालं. तो गेली कित्येक वर्षं आजारीच होता. त्याच्या पश्चात ‘एकदा बघून घ्या’, ‘फोन केलाय’ आणि ‘लेखक गावाला गेलेत’ असा मोठा परिवार आहे. अंत्यविधी माझ्या हस्ते, माउसच्या उजव्या बटणाने पार पडला.

या निधनाबद्दल मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. वाईट वाटलं ते नंतर, जेव्हा त्याच भरात मी एका बाईंची नोकरी जवळजवळ घालवली. पण क्रमाने सांगतो, नाहीतर मजा जाईल.

आमची कचेरी पुस्तकं तयार करते. छापत नाही, विकत नाही. लोकांनी आणून दिलेले कागद छापखान्यात जाण्याजोगे करून देते. पतसंस्थांचे अहवाल येतात, पाककृतींची पुस्तकं येतात, स्पर्धा परीक्षांची गाइडं येतात आणि वर्षभर न चुकता निवृत्त माणसांची आत्मचरित्रं येतात. पुण्यात माणूस निवृत्त झाला की पहिले सहा महिने बाल्कनीतल्या कुंड्यांकडे बघतो. मग लिहायला बसतो.

मी या कचेरीत सव्वीस वर्षं आहे. हुद्दा मोठा आहे, निर्मितीप्रमुख. काम एवढंच, की कोणतं पुस्तक कुठे अडलंय हे विचारलं की सांगायचं. ते मी आजवर एका जाड वहीवरून, थोडं आठवणीवरून आणि उरलेलं जिन्यात लोकांना अडवून सांगत आलो होतो.

मग मालकांची लेक आली. हिंजवडीत सात-आठ वर्षं नोकरी करून, आता बाबांचं काम मी बघते म्हणाली. लहानपणी ती शाळेतून थेट कचेरीत यायची आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून गृहपाठ करायची. त्यामुळे आता तिला काय हाक मारायची, हाच पहिल्या दिवशीचा सर्वांत मोठा प्रश्न झाला. ‘मॅडम’ म्हणायला कुणाची जीभ वळेना. शेवटी सगळ्यांची ‘ताई’वर तडजोड झाली. मी मात्र तिचा पूर्वीपासून ‘काका’च. ताई हुशार आहे, कामाला दांडगी आहे आणि कुणाचं वाईट करावं असं तिच्या मनातही येत नाही. या गोष्टीत दुष्ट माणूस शोधू नका. सापडलाच तर तो मीच असेन.

ताईने एक सॉफ्टवेअर आणलं. पडद्यावर एक फळा, फळ्यावर तीन उभे रकाने: ‘करायचं आहे’, ‘चालू आहे’ आणि दिवंगत ‘झालं’. प्रत्येक काम म्हणजे एक कार्ड. ते उचलायचं आणि उजवीकडच्या रकान्यात नेऊन ठेवायचं. कुठलंही पुस्तक कुठे आहे ते कुणालाही, कुठूनही, जिन्यात न भेटता कळणार. ताई म्हणाली, हे असंच्या असं नाही वापरायचं काका, आपल्या पद्धतीप्रमाणे वळवून घ्यायचं. आणि आपली पद्धत तुमच्याइतकी कुणालाच माहीत नाही. एवढं बोलून तिने त्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी ॲडमिन झालो.

पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या हातात अशी सत्ता देऊ नये.

आठवड्याच्या आत मी तीन रकान्यांचे अकरा केले. टायपिंग, पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, लेखकाचं प्रूफ, लेखकाच्या सूनबाईंचं प्रूफ. ‘लेखक विचार करताहेत’ हा रकाना मला फार आवडायचा. त्याला मी फिकट जांभळा रंग दिला होता. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची समजूत अशी होती की काम एकदा पुढे गेलं की पुढेच जातं. त्यांनी बाण सगळे उजवीकडे जाणारे दिले होते. मी आमच्या अनुभवाप्रमाणे डावीकडे जाणारे बाण बसवले, आणि एक लांबलचक बाण शेवटाकडून थेट सुरुवातीला नेला. ‘झालं’चा मृत्यू त्याच दिवशी ओढवला. एका सद्गृहस्थांचं आत्मचरित्र मी मोठ्या समारंभाने ‘झालं’मध्ये ठेवलं आणि दहाव्या मिनिटाला त्यांचा फोन आला, की मेहुण्यांचा उल्लेख राहिलाय आणि मेहुणे शेजारीच बसलेत. मी तो रकाना पुसला आणि नवा केला: ‘तूर्त हातावेगळं’.

मुखपृष्ठं करणारा आमचा चित्रकार कार्डं पुढे ढकलायचा आणि चित्र मात्र द्यायचा नाही. म्हणून मी अट घातली, की चित्र जोडल्याशिवाय कार्ड हलणार नाही. त्याने स्वतःच्या डब्याचे फोटो जोडायला सुरुवात केली. त्या महिन्यात आमच्या फळ्यावर मटकीची उसळ दोनदा मंजूर झाली.

आठवण करून देण्याची सोयही मीच बसवली. एखादं कार्ड तीन दिवस हललं नाही, की संबंधितांना आपोआप निरोप जाणार: ‘आपल्यामुळे काम अडले आहे. कारण कळवावे.’ संबंधितांच्या यादीत लेखकही येतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही. एका कवींनी चार पानी उत्तर पाठवलं. त्यांचं काम का अडलं याची कारणं त्यात पार बालपणापासून दिली होती. उत्तर इतकं सुंदर होतं, की आम्ही त्यांच्या परवानगीने ते संग्रहाला प्रस्तावना म्हणून घेतलं.

थोडक्यात, माझं छान चाललं होतं. मग मी वाचनाच्या खोलीकडे वळलो.

वाचनाची खोली कचेरीच्या मागच्या अंगाला आहे. खिडकी बोळात उघडते, आवाज कमी. आत एक टेबल आणि समोरासमोर दोन बायका. गेली अठरा वर्षं एक वाचते आणि दुसरी ऐकते. वाचणाऱ्या बाईंच्या हातात लेखकाने दिलेली मूळ प्रत असते, ऐकणाऱ्या बाईंच्या पुढ्यात टाइप करून आलेलं प्रूफ आणि लाल पेन. वाचणाऱ्या बाई मोठ्याने वाचतात, ऐकणाऱ्या बाई प्रूफावरून डोळे फिरवतात, आणि जिथे कान व डोळे यांचं जुळणार नाही तिथे पेन टेकतं. स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने म्हणायचा. अवतरण सुरू, अवतरण पूर्ण, नवा परिच्छेद. नवीन माणूस बाहेरून ऐकतो तेव्हा त्याला वाटतं, आत कसलं तरी पारायण लावलंय.

वाचणाऱ्या बाई वारज्याच्या. त्यांच्या माहेरी दर चौदा एप्रिलला घरात एक नवं पुस्तक यायचंच, आणि ते वडील त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. शेजारच्या चाळीत ऐकू गेलं पाहिजे अशी अट असायची. तो आवाज अजून तसाच आहे. ऐकणाऱ्या बाई इथल्याच, पेठेतल्या. त्यांचे वडील बाइंडर होते, आजोबाही बाइंडर. पुस्तकं शिवता शिवता वडिलांनी मुलीला एवढंच शिकवलं, की छापील कागदाचा फर्मा दुमडायच्या आधी एकदा वाचावा, नंतर उसवायला त्रास होतो. त्या फारसं बोलत नाहीत. रोज्यांच्या महिन्यात त्यांच्यासमोर वाचणाऱ्या बाई पाण्याचा घोट घेत नाहीत. दिवसभर वाचून घसा कोरडा पडतो, मग ऐकणाऱ्या बाई त्यांना रागावतात, की रोजा माझाय, तुझा नाही. दरवर्षी हे भांडण होतं आणि दरवर्षी बाटली तशीच भरलेली घरी जाते.

वाचणाऱ्या बाईंना एक खोड आहे असं मी समजत होतो. त्या वाचता वाचता लेखकाशी भांडतात. पाककृतीचं पुस्तक असलं तर मधेच थांबून म्हणतील, ‘मगाशी या कढई उतरवा म्हणाल्या, आता त्याच कढईत मोहरी तडतडवा म्हणतात. गॅस पेटवला कुणी?’ ऐकणाऱ्या बाई गालात हसतात, समासात लाल प्रश्नचिन्ह काढतात आणि पुढे वाच अशी मान हलवतात. ते प्रश्नचिन्ह लेखकाकडे जातं, लेखक ओशाळून दुरुस्ती करतात. अठरा वर्षं मी हे दारातून बघत होतो आणि त्याला गप्पा म्हणत होतो.

आता या कामाचं कार्ड करायला मी बसलो. नाव लिहायच्या चौकटीत पहिल्या बाईंचं नाव लिहिलं, मग दुसऱ्या बाईंचं लिहायला गेलो, तर पहिलं पुसलं गेलं. पुन्हा पहिलं लिहिलं, दुसरं गेलं. असं पाचेक वेळा केल्यावर मी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकक्षाला पत्र लिहिलं. उत्तर फार सभ्य आलं. एका कामाला एकच जबाबदार व्यक्ती असते. दोघं जबाबदार असले की कुणीच जबाबदार नसतं, हे आमच्या रचनेचं मूलतत्त्व आहे, असा त्याचा आशय होता. मी वाचणाऱ्या बाईंना तो सांगितला. त्या म्हणाल्या, ‘यांच्यातलं कुणी लग्न केलेलं दिसत नाही.’

तूर्त म्हणून मी ऐकणाऱ्या बाईंचं नाव घातलं. कारण साधं होतं, खुणा त्यांच्या हातच्या असतात. कागदावर जे दिसतं ते त्यांचं.

पण ते मनाला खात होतं, म्हणून मी कामाचे दोन तुकडे केले. एक कार्ड ‘वाचणे’, दुसरं ‘ऐकणे’. दोघींची नावं लागली, मी खूश. माझ्या अकरा रकान्यांचा नियम मात्र असा होता, की आधीचं कार्ड संपल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही. त्यामुळे तो आठवडाभर आमच्या फळ्याप्रमाणे वाचणाऱ्या बाईंनी अख्खं पुस्तक एकटीने भिंतीला वाचून दाखवलं, आणि त्या घरी गेल्यावर ऐकणाऱ्या बाई सामसूम खोलीत ऐकायला बसल्या. दोघी रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन विचारायच्या, आज आम्ही कसं वागायचंय. 

मग मला जी युक्ती सुचली, तिचा मला आजही थोडा अभिमान वाटतो. मी दोघींची मिळून एक व्यक्ती तयार केली. सॉफ्टवेअरला वाटलं नवीन कर्मचारी रुजू झाला. त्याने जन्मतारीख विचारली, मी एक जानेवारी दिली. फोटो मागितला, मी वाचनाच्या टेबलाचा लावला. ही व्यक्ती कामाला जबरदस्त निघाली; दोन माणसांचं काम एका माणसाच्या वेळात करायची. एक जानेवारीला सगळ्यांच्या पडद्यावर फुगे आले, आम्ही पेढे आणले आणि टेबलाचं औक्षण करावं की नाही यावर चित्रकाराशी माझा वाद झाला. तिसऱ्या महिन्यात ती व्यक्ती कचेरीतली सर्वोत्तम कर्मचारी ठरली. ताईने उत्साहाने तिला भेटायला बोलावलं.

मी टेबल घेऊन जाऊ शकत नव्हतो. सगळं सांगावं लागलं.

ताई हसली नाही. तिने मला समोर बसवून, अगदी आदराने, माझी खरडपट्टी काढली. काका, हा गमतीचा फळा नाही, यावर मी निर्णय घेते. तिने ती व्यक्ती नोकरीवरून काढून टाकली, तिची कामं पहिल्यासारखी ऐकणाऱ्या बाईंच्या नावावर वळवली, मी जोडलेली सगळी ठिगळं उसवली आणि मागच्या सहा महिन्यांचा अहवाल काढला. अहवालात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावावर एक रंगीत खांब होता. ऐकणाऱ्या बाईंचा खांब इतका उंच, की पडदा वर सरकवावा लागत होता. वाचणाऱ्या बाईंच्या नावावर एक बारीक रेघ होती. माझ्या ‘वाचणे’वाल्या आठवड्याची.

त्याच सुमारास शहराच्या पूर्व टोकाला, मांजरी गावात, लेखकांची छापून आलेली पुस्तकं सांभाळायचं आमचं नवीन गोदाम सुरू होत होतं. तिथे पुस्तकांची आवक-जावक बघायला कचेरीतलं एक विश्वासाचं माणूस हवं होतं. ताईने अहवाल बघितला आणि तिला उत्तर मिळालं. शिवाय आता संगणक मराठी मोठ्याने वाचून दाखवतो. त्याने प्रूफ वाचावं, ऐकणाऱ्या बाईंनी मूळ प्रतीत बघावं. दोघींची गरज काय?

वारज्याहून मांजरी म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. वाचणाऱ्या बाईंच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, आणि त्यांच्याजवळ दिवसा बसणारी बाई सहाच्या ठोक्याला निघते. मांजरीला जाणं म्हणजे नोकरी सोडणं, हे त्यांना कळलं, मला कळलं, ताईच्या खांबांना कळायचं कारण नव्हतं. बाईंनी रडारड केली नाही. त्या दुपारी माझ्याकडे आल्या आणि राजीनामा मराठीत लिहायचा की इंग्रजीत, तेवढं सांगा म्हणाल्या. प्रूफ तपासून देते, असंही म्हणाल्या.

मी ताईकडे गेलो. आयुष्यात प्रथमच कुठलाही अभिनय न करता बोललो. चूक माझी आहे म्हणालो. चौकट एका नावाची होती म्हणून मी एक नाव घातलं, काम दोघींचं आहे. ताईने सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, ‘काका, मग मला दाखवा ना. दुसऱ्या माणसामुळे काय जास्त होतं, एवढंच दाखवा. मी ट्रायल घेते.’ तिचं म्हणणं रास्त होतं, आणि रास्त माणसाशी भांडणं फार अवघड असतं.

बुधवारी सकाळी अकरा वाजता वाचनाच्या खोलीत ट्रायल झाली. टेबलावर संगणक, त्याच्यासमोर ऐकणाऱ्या बाई, त्यांच्या पुढ्यात मूळ प्रत. प्रत एका ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांच्या आत्मचरित्राची होती. सगळी पाठकोऱ्या कागदांवर, सुवाच्य निळ्या शाईत. शेजारी ताई, एका हाताला प्रूफाची दुसरी प्रत आणि दुसऱ्या हाताला मांजरीच्या बदलीचं पत्र, सही करायचं बाकी. मी दाराशी. वाचणाऱ्या बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर पर्स घेऊन. त्यांनी एक शब्दही बोलायचा नाही, नाहीतर ट्रायलला अर्थ उरणार नाही, असं ताईने सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती.

संगणक वाचू लागला. आवाज एका बाईचा, गोड, कुणाच्याच मेल्या-जगल्याचं सोयरसुतक नसलेला. पानांचे आकडेही ती वाक्यातच घ्यायची. ‘आणि मग आई मला जवळ घेऊन म्हणाली बारा.’ ताईने तेवढं बंद करायची सोय शोधून काढली आणि मग सगळं सुरळीत सुरू झालं. ऐकणाऱ्या बाईंचं बोट निळ्या अक्षरांवरून सरकत होतं. दोन काना-मात्रा निसटल्या होत्या, त्या सापडल्या. एक सुटलेली ओळ सापडली. पाऊण तासात बावीस पानं. मी दाराच्या चौकटीला टेकून वाचणाऱ्या बाईंचा निरोपसमारंभ मनातल्या मनात आखायला लागलो होतो.

आजोबांच्या लग्नाचं प्रकरण लागलं. मांडव पडला, वऱ्हाड आलं, पंगत बसली. संगणक म्हणाला, काकांनी स्वतः पाचवी जिलबी वाढली आणि म्हणाले, आता संसाराला लागलास, अंगात ताकद हवी.

कोपऱ्यातून खोकला आला.

ताईने बघितलं. संगणक पुढे गेला. काकांनी नवरीच्या ताटातही एक टाकली. पुन्हा खोकला. मी पाण्याचा पेला नेऊन दिला, बाईंनी तो घेतला नाही. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि पर्सची चेन त्या उघडत होत्या, लावत होत्या. ताई अदबीने म्हणाली की जरा शांतता ठेवूया. विहीण पंगतीत रुसली, तिची समजूत काकांनी काढली, तेव्हा खोकला इतका मोठा आला की बोळातून जाणाऱ्या माणसाने वर बघितलं.

प्रकरण संपलं. ताईने संगणक थांबवला, मूळ प्रत आणि प्रूफ शेजारी-शेजारी धरलं. अक्षर न् अक्षर जुळत होतं. ती माझ्याकडे वळली, तिला आनंद झाला नव्हता हे मी तिच्या बाजूने सांगायला हवं. ती म्हणाली, काका, पास झालं. आणि पत्र पुढे ओढलं.

‘आता बोललं तर चालेल का?’ कोपऱ्यातून आवाज आला.

ताई म्हणाली, बोला ना.

‘त्यांचे काका चौथ्या पानावर वारले.’

खोलीत पानं उलटण्याचा आवाज झाला. चौथं पान. लग्नाच्या आदल्या वर्षी, ऐन थंडीत, काका गेले. आजोबांनी स्वतः खांदा दिला होता. मूळ प्रतीत तसंच, प्रूफातही तसंच. आणि वर्षभराने तेच काका जिलब्या वाढत होते आणि विहिणीची समजूत काढत होते.

ऐकणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या कानावर दोन्ही पडलं होतं, पण त्यांचं सगळं लक्ष अक्षराला अक्षर जुळण्यात. मी तर दोन्ही वेळा नुसताच उभा होतो.

ताईने चौथं पान पुन्हा एकदा वाचलं. मग तिने जे म्हटलं ते चुकीचं नव्हतं. आपलं काम जुळवणीचं आहे. लेखकांनी काका आणले, आपण काका जुळवले. मूळ प्रत जर अशीच असेल, तर ही चूक आपली नाही आणि ती शोधायला आपण माणूस ठेवत नाही. खरं सांगायचं तर सव्वीस वर्षांत मीही हे काम यापेक्षा मोठं समजलो नव्हतो.

तेव्हा ऐकणाऱ्या बाई बोलल्या. त्या बोलल्या की सगळे थांबतात, कारण तशी वेळ फार येत नाही.

‘ताई, त्या फळ्यावर माझ्या नावापुढे एवढा मोठा खांब आहे ना, त्यातली निम्मी प्रश्नचिन्हं हिची आहेत. चिन्ह मी काढते. प्रश्न हिला पडतो.’

आणि मग आणखी हळू आवाजात, ‘मशीनला पडत नाही. मलाही नाही पडत. मी सांगून टाकते, मला एकटीला हे जमणार नाही.’

वाचणाऱ्या बाई म्हणाल्या, गप गं, उगाच काहीतरी. आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

ताईने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. शेवटी म्हणाली की आपण अंदाज कशाला बांधायचा, लेखकांनाच विचारू. कुणास ठाऊक, दोन काका असतील. एक थोरले गेले, एक धाकटे जिलबी वाढताहेत. किंवा त्यांना असंच हवं असेल, मान राखायचा म्हणून घातलं असेल. लेखक म्हणाले, मला माहीत आहे, राहू द्या, तर मशीनने सगळं बरोबर केलं आणि हे पत्र जाईल. लेखकांना पत्ताच नसेल, तर पत्र मी फाडते आणि फळ्यात दोन नावं कशी बसवायची ते मी आणि काका बसून बघतो, मूलतत्त्व गेलं खड्ड्यात. कबूल?

वाचणाऱ्या बाईंनी मान डोलावली आणि स्टूल टेबलापाशी ओढून घेतलं. दोन काकांची शक्यता माझ्याही डोक्यात आली नव्हती. आमच्याच घरात चार काका होते.

ताईने नंबर लावला आणि फोन टेबलावर, पत्राच्या शेजारी ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. बराच वेळ वाजला. आजोबांनी उचलला. ताईने नमस्कार केला, कचेरीचं नाव सांगितलं, प्रकृती विचारली. आजोबा म्हणाले, प्रकृती उत्तम, पुस्तक कधी देताय. ताई म्हणाली, देतोच आहोत, फक्त एक शंका आहे. तिने चौथं पान वाचून दाखवलं. आजोबा म्हणाले, हो, फार थंडी होती त्या वर्षी. मग तिने लग्नातली पंगत वाचून दाखवली, जिलबी, नवरीचं ताट, रुसलेली विहीण. आजोबा मधेमधे हुं हुं म्हणत होते. त्यांना मजा येत होती.

ताईने अगदी सांभाळून विचारलं, की आपल्याला काका किती होते.

एकच, आजोबा म्हणाले.

फोनमधून एक खुर्ची करकरली. ऐकणाऱ्या बाईंनी टेबलाखाली वाचणाऱ्या बाईंचा हात धरला होता, तो मला दारातून दिसत होता. ताईचं एक बोट पत्राच्या कडेवर होतं. आणि मग फोनमधून ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस ओरडला,

‘अहो, मग माझ्या लग्नात मला जिलबी वाढली कोणी?’